तिसरा नंबर

सुवर्णा पोहायला शिकली ती तलावात नाही, विहिरीत. पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे एका वस्तीवर तिच्या वडिलांची, धोंडीरामांची, चाळीस फूट खोल विहीर होती. आणि धोंडीरामांचं शिकवणं म्हणजे काय, तर पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधायचा, पोरीला काठावर उभी करायची आणि मागून ढकलून द्यायची. मग वरून ओरडायचं, "हात मार! हात मार!" सहा वर्षांची पोर दुसरं काय करणार? तिनं हात मारले. आठवड्यात डबा सुटला आणि महिन्याभरात ती वरून मुटके मारायला लागली. दमली की कपारीतला दगड एका हातानं धरायची, दम खायची, की वळून पुन्हा पाण्यात. एका हातानं धरायची ही सवय अंगात अशी मुरली की पुढं त्या सवयीनं बिचारीला फार छळलं.

एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन ती नाशिकला मखमलाबादच्या मळ्यात आली. सासर मळेकऱ्यांचं. दीड एकर, त्यात शेवंती, झेंडू, थोडा गुलाब आणि बांधाच्या कडेनं मेथी-कोथिंबीर. घरात माणसं मोजकी. नवरा झुंबर, सासू रंगूबाई आणि पुढं झालेली मुलगी वैष्णवी. मळ्याला विहीर होती, पण सुनेनं सासरच्या विहिरीत उडी मारली की सगळं शिवार धावत येतं आणि पोलीसपाटीलही येतो. तेव्हा पोहणं संपलं ते संपलंच. बारा-तेरा वर्षं तिनं विहिरीत वाकून नुसतं पाहिलं.

चौऱ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात वैष्णवीला महापालिकेच्या तरणतलावावर घातलं. पोरगी पाण्याला भिऊन कठडा सोडेना. शिकवणाऱ्या प्रतिभाताई समजावून समजावून थकल्या. पायरीवर बसलेल्या सुवर्णाला राहवेना. ती म्हणाली, "ताई, ढकला की तिला. आपोआप येतं."

प्रतिभाताईंनी वळून पाहिलं. "तुम्हाला येतं का?"

"येतं म्हणजे काय, विहिरीतलं येतं."

"मग उद्या बायकांच्या बॅचला या. सलवार-कमीज घालून या हवं तर."

दुसऱ्या दिवशी सुवर्णानं त्या निळ्या पाण्यात उडी मारली आणि या टोकाची त्या टोकाला गेली. असं पाणी उडवत पोहणं प्रतिभाताईंनी जन्मात पाहिलं नव्हतं, पण पन्नास मीटर कुठं न थांबता गेलेली बाईही त्या बॅचला दुसरी नव्हती. वर आली तेव्हा सुवर्णा रडत होती. का रडतेस विचारलं तर म्हणाली, "काही नाही हो, क्लोरिन गेलं डोळ्यांत." क्लोरिन कसलं आलंय!

घरी सांगायचं म्हणजे मोठंच संकट. झुंबर माणूस सरळ, पण तोंडाचा फटकळ. तो म्हणाला, "इथं वाफ्यांना पाणी भरायला माणूस नाय, आणि ही पाण्यात हात मारायला चालली!" उत्तर दिलं ते रंगूबाईंनी. बासष्टीच्या, काटकुळ्या, कपाळावर नवरा गेल्यावरही न पुसलेलं रुपयाएवढं कुंकू. त्या गोणपाटावर बसून शेवंती निवडत होत्या.

"जाऊ दे तिला," त्या म्हणाल्या. "मी लहानपणी गंगा-गोदावरीत या काठाची त्या काठाला जायची. लगीन झालं आन् पाणी गुडघ्याच्या वर आलं नाय. माझं ऱ्हायलं ते ऱ्हायलं. तिचं कशापायी ठिवायचं?"

झुंबरनं आईचा शब्द कधी मोडला नव्हता. विषय संपला.

मग त्या घरात एक गंमतच सुरू झाली. सुवर्णाचा पोहायचा गुडघ्यापर्यंतचा काळा ड्रेस रंगूबाई स्वतः धुवायच्या आणि रस्त्यानं जाणाऱ्यांना दिसू नये म्हणून दोरीवर आपल्या नऊवारीच्या खाली वाळत घालायच्या. एकदा वारं सुटलं, लुगडं उडालं आणि ड्रेस दिसला. शेजारच्या कुसाबाईंनी विचारलं, "हे काय गं रंगू?" तर रंगूबाई म्हणाल्या, "बुजगावण्याचं हाय." कुसाबाईंनी ऐकून घेतलं, पण हसू काही लपवलं नाही.

दोन-तीन वर्षांत सुवर्णाचे हात सरळ झाले, श्वास जागेवर आला. प्रतिभाताई स्वतः मोठ्यांच्या स्पर्धांना जायच्या. त्यांना 'मास्टर्स' म्हणतात, आणि पाच-पाच वर्षांचे वयोगट पाडून शर्यती घेतात. सुवर्णाच्या शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी तिच्या पिढीच्या निम्म्या गावासारखीच एक जून तारीख टाकलेली होती, तेव्हा वयाचा पुरावाही होता. शर्यत कोणती, एवढंच ठरायचं होतं. ताई म्हणाल्या, "नुसतं सरळ पोहणाऱ्या पुष्कळ आहेत. तू मिडले कर. दोनशे मीटर. एकाच शर्यतीत चारही प्रकार, आणि एकामागून एक ठरलेल्या क्रमानं."

रंगूबाईंना हे समजावून सांगायला एक संध्याकाळ गेली. बटरफ्लाय, बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक, फ्रीस्टाइल ही नावं त्यांच्या जिभेवर बसेनात. त्यांनी सरळ बारसं करून टाकलं. फुलपाखरू, उताणी, बेडूक, सुटी. पन्नास मीटर फुलपाखरू झालं की उताणी, मग बेडूक आणि शेवटी सुटी. रोज सुवर्णा घरी आली की पहिला प्रश्न ठरलेला, "आज फुलपाखरू उडालं का?"

ते काही उडेना. दोन्ही हात एकदम पाण्याबाहेर काढून पुढं फेकायचे, म्हणजे खांद्यात दम पाहिजे. आणि सुवर्णाच्या खांद्यांची सकाळीच वाट लागलेली असायची. पहाटे फुलांनी भरलेली पाटी डोक्यावर घ्यायची, दोन्ही हात वर करून ती सावरत स्टँडपर्यंत चालायचं, बसमध्ये चढवायची, उतरवायची आणि पुन्हा डोक्यावर घेऊन फुलबाजारातली आपली जागा गाठायची. लग्नापासूनचा हा तिचा नेम. झुंबरला जाता येत नसे, कारण मळ्याला वीज यायची ती पहाटेच, आणि मोटारीपाशी माणूस लागायचा. सत्त्याण्णवच्या दसऱ्याला तिचा उजवा खांदा असा धरला की वेणी घालता येईना. प्रतिभाताई म्हणाल्या, "पाटी आणि बटरफ्लाय, दोन्ही नाही चालणार. काय ते ठरव."

सुवर्णानं ठरवलंही. पोहणं सोडायचं. तिनं ते घरी सांगितलं, तर रंगूबाईंची तळपायाची आग मस्तकात गेली.

"पाटी तुझ्या बापानं आंदण दिली का गं? माझी पाटी हाय ती. तू यायच्या आधी पंचवीस वर्सं मीच नेत हुते. उद्यापासून मी नेईन."

"आत्याबाई, तुमचं वय का आता..."

"वय काढू नको. तू खांदा संभाळ."

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी पहाटे रंगूबाई चुंबळ ठेवून, पाटी घेऊन निघाल्या. झुंबर तणतणला, सुवर्णा मागं मागं स्टँडपर्यंत गेली, पण म्हातारीनं वळून पाहिलं नाही. सहा वर्षं त्यांनी ती पाटी नेली. सुवर्णाला कधी कधी वाटायचं, हे बरं नव्हे. आपण म्हातारीच्या डोक्यावर ओझं देऊन पाण्यात मजा मारतोय. पण खांदा सुटला, फुलपाखरू उडायला लागलं, आणि मनातलं ते वाटणं तिनं मनातच दाबलं. माणूस असं दाबतोच. त्यात सुवर्णा काही वेगळी नव्हती.

दोन हजार एक साली ती पहिल्यांदा राज्य स्पर्धेला गेली, सांगलीला. चाळिशीच्या गटात पाच जणी. ती चौथी आली, म्हणजे आली असं तिला वाटलं. पाण्याबाहेर पडते तोच पंच म्हणाल्या, "बाद." का, तर बेडूक संपवताना तिनं भिंतीला एकच हात लावला. नियम असा की फुलपाखरू आणि बेडूक संपताना दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागले पाहिजेत. सुवर्णाला नियम पाठ होता. पण दमली, भिंत दिसली, आणि एक हात पुढं गेला तो थेट धोंडीरामांच्या विहिरीतल्या दगडाकडे.

रंगूबाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "येवढंच ना? मी लावते सवय."

तेव्हापासून घरात हुकूम सुटला. सुवर्णानं कुठलीही गोष्ट दोन्ही हातांनी करायची. तांब्या दोन्ही हातांनी उचलायचा. दार दोन्ही हातांनी ढकलायचं. झुंबरला ताट द्यायचं तेही दोन्ही हातांनी. एका हातानं काही केलं की रंगूबाई बसल्या जागेवरून ओरडायच्या, "बाद!" कुणाला काही कळायचं नाही. मीठ मागायला आलेल्या कुसाबाई एकदा एका हातानं वाटी घ्यायला गेल्या, तर त्यांनाही "बाद!" वैष्णवी हसून हसून लोळायची. झुंबरसुद्धा हसायचा. तोवर त्याचा राग निवळला होता. शेजारपाजारी तो सांगू लागला होता, "आमच्या मंडळी राज्याच्या स्पर्धेला जातात."

अशी दोन वर्षं गेली. सुवर्णा आता झोपेतही दोन्ही हातांनी पांघरूण ओढायची. एकच गोष्ट राहिली होती. बाद न होता चारही प्रकार पार करून यायचं. कितवी का येईना. आणि घरी येऊन रंगूबाईंना सांगायचं की आत्याबाई, झालं. तेवढ्यासाठी तिचा जीव टांगणीला लागला होता.

दोन हजार तीनच्या नोव्हेंबरात स्पर्धा नागपूरला होती. बुधवारी ती प्रतिभाताईंबरोबर गाडीत बसली. तिची शर्यत शुक्रवारी सकाळी. निघताना ती रंगूबाईंच्या पाया पडली, तर त्या म्हणाल्या, "दोन्ही हातांनी पड." दोघी हसल्या.

त्याच बुधवारी, ती गाडीत असतानाच, रंगूबाई बाजारातून परत आल्या त्या दारातच बसल्या. छातीत कळ, अंगाला दरदरून घाम. झुंबरनं रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हा झटका काही पहिला नाही. आधीही येऊन गेले असतील, बाईंनी अंगावर काढले. रात्री त्या जरा शुद्धीवर आल्या तेव्हा झुंबर म्हणाला, "आई, सुवर्णाला बोलावून घेतो."

म्हातारीनं त्याचा हात धरला. "नाय. तिला कळवायचं नाय. माझं काय बी होवो, तिचं पवणं होऊ दे. सुतक कळल्यावर लागतं. नाय कळलं तर नाय लागत. घे माझी शप्पथ."

झुंबरनं शपथ घेतली. न घेऊन करतो काय?

गुरुवारी दुपारी रंगूबाईंनी डोळे उघडले. वार, वेळ काही कळत नव्हतं. त्यांनी विचारलं, "झालं का तिचं?" पुन्हा त्यांनी विचारलं, "झालं का रे?" झुंबर आयुष्यात कधी खोटं बोलला नव्हता. मळ्यावर गिऱ्हाईक आलं आणि फुलं शिळी असली तर शिळी म्हणून विकणारा माणूस तो. तो आईच्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "झालं आई. तिसरा नंबर आला तिचा."

"दोन्ही हातांनी?"

"दोन्ही हातांनी."

त्यानंतर तासाभरात म्हातारी गेली. संध्याकाळी अमरधामात तिचं सगळं उरकलं. नात्यागोत्याची माणसं विचारत होती, सून कुठाय? झुंबर खाली मान घालून उभा होता.

गुरुवारीच संध्याकाळी सातच्या सुमाराला नागपूरला सुवर्णा एसटीडी बूथवर गेली. उद्याची शर्यत, त्याआधी आत्याबाईंचा आवाज ऐकायचा होता. फोन झुंबरनं उचलला.

"आत्याबाईंना द्या की."

"आई मळ्यात गेलीय."

"आत्ता? अंधारात?"

"पाणी... पाणी बघायला गेलीय."

"आणि मागं कोण रडतंय?"

"टीव्ही लावलाय पोरीनं. तू बरी आहेस ना? नीट पोह. ठेवतो."

सुवर्णा बूथच्या बाहेर आली. आत्याबाई संध्याकाळी मळ्यात? त्या वेळी त्या फुलं निवडायला बसतात, फोनच्या शेजारी, आणि फोन वाजला की झडप घालून स्वतःच उचलतात. बावीस वर्षांत त्यांना अंधारात मळ्यात गेलेलं तिनं पाहिलं नव्हतं. ती प्रतिभाताईंना म्हणाली, "ताई, घरी काहीतरी झालंय." ताई म्हणाल्या, "शर्यतीच्या आदल्या दिवशी सगळ्यांना असंच वाटतं. जेव आणि झोप." तिनं स्वतःलाही तेच समजावलं.

सकाळी शिट्टी झाली आणि तिनं सूर मारला. फुलपाखरू असं उडालं की आजवर कधी उडालं नव्हतं. दोन्ही हात भिंतीला, नीट, एकदम. उताणीवर पडल्यावर वर मोकळं आभाळ दिसलं, आणि तिथंच ते पुन्हा मनात आलं. मळ्यात का गेल्या असतील? बेडकाला वळली तरी तेच. टीव्हीवर कुणी असं रडतं का? तो आवाज कुसाबाईंचा होता. कुसाबाईंचाच होता. आणि भिंत आली. उजवा हात लागला. डावा मागून आला, पण क्षणभर मागून.

पुढचे पन्नास मीटर ती पोहली ते नुसतं पोहायचं म्हणून. वर आली तेव्हा पंचांनी सांगायच्या आधीच तिला कळलं होतं. प्रतिभाताईंनी टॉवेल पांघरला. त्या म्हणाल्या, "होतं असं. पुढच्या वर्षी." सुवर्णा कठड्यावर बसून ढसाढसा रडली.

परतीच्या गाडीत मात्र ती सावरली. आत्याबाईंना कसं सांगायचं हे ती मनाशी जुळवत होती. दारात पाऊल टाकायच्या आधी आपणच ओरडायचं, "बाद!" मग त्या आधी शिव्या घालतील, मग हसतील, आणि उद्यापासून दोन्ही हात बांधून ठेवते म्हणतील. प्रतिभाताईंना हे सांगून तीही हसली.

नाशिकरोडला गाडी थांबली. झुंबर फलाटावर उभा होता. त्याच्या डोक्याला उपरणं घट्ट बांधलेलं होतं. आयुष्यात कधी त्यानं डोक्याला काही बांधलं नव्हतं. उपरण्याच्या कडेखाली कानामागची कातडी पांढरीफट्टक दिसत होती. केस नव्हते.

सुवर्णा तिथंच फलाटावर बसली. तिनं "कोण?" असंही विचारलं नाही. धोंडीरामांसाठी जावई डोकं करत नाही, आणि घरात मग दुसरं कोण होतं?

झुंबर तिच्यासमोर उकिडवा बसला आणि सगळं सांगत सुटला. बुधवार, दवाखाना, शपथ, गुरुवार. लोक वळून बघत होते, त्याचं भान त्याला नव्हतं. "कुसाबाईंनी आंघोळ घातली तिला. तुझी निळी साडी नेसवली, तिला आवडायची ती. तू नव्हतीस. तू असायला पाहिजे हुतीस, मला समजतं. पण शपथ घातली हुती गं." आणि मग तो थांबला.

"मी खोटं बोललो तिच्याशी. तिनं विचारलं, झालं का? मी सांगितलं, झालं, तिसरा नंबर आला. तू अजून पाण्यात बी उतरली नव्हतीस. मरणाऱ्या माणसाशी खोटं बोललो मी, सुवर्णा. आईशी. दोन दिस झाले, घास गिळत नाय मला." त्यानं डोळे पुसले. "तू सांग. काय झालं तुझं?"

प्रतिभाताई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं. सुवर्णानं त्यांचा हात गच्च धरला.

तिच्या मनात काय नव्हतं! ओरडावंसं वाटत होतं की तुमच्या त्या फोननंच माझा हात सुटला. खरं सांगितलं असतं तर मी पळत आले असते, निदान तोंड तरी पाहिलं असतं, निदान शेवटची आंघोळ तरी माझ्या हातून झाली असती. काय करायची होती ती शर्यत मला? कुणी सांगितलं होतं तुम्हाला शहाणपण करायला? पण समोर तो बोडक्या डोक्याचा, दोन दिवसांचा उपाशी माणूस तिच्या तोंडाकडे बघत होता.

"तिसरी आले," ती म्हणाली.

"तिसरी?"

"हो. दोन्ही हातांनी."

झुंबरनं तिथंच फलाटावर कपाळ टेकलं आणि हंबरडा फोडला. "म्हणजे खोटं नाय झालं! खोटं नाय झालं माझं!" असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. प्रतिभाताई तोंड फिरवून उभ्या राहिल्या.

दहा दिवस घरात माणसांची रीघ होती. बायका तोंडावर सांत्वन करायच्या आणि अंगणात गेल्यावर बोलायच्या, "सासू सरणावर आणि सून पाण्यात." सुवर्णाच्या कानावर ते येत होतं. तिला त्याचं काही वाटलं नाही. तिला वाटत होतं ते त्याहून वाईट होतं. सहा वर्षं पाटी कुणी नेली? कुणाच्या खांद्यासाठी? डॉक्टर काहीही म्हणोत, तिचा हिशेब झालेला होता. एका दुपारी तिनं कुसाबाईंना कोपऱ्यात घेऊन विचारलं, पाणी कोमट होतं का? केस विंचरले होते का? कुंकू कुणी पुसलं तर नाही? कुसाबाईंनी एकेक सांगितलं, आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या.

आणि पदकाचं काय? झुंबरनं तिसऱ्याच दिवशी विचारलं होतं, आईच्या फोटोला घालायचंय म्हणून. सुवर्णा बोलून गेली, "पदकं कमी पडली. पोस्टानं येणार आहे." झालं. त्या दिवसापासून झुंबरनं पोस्टमनचा पिच्छा पुरवला. सायकलची घंटा वाजली की हातातलं खुरपं टाकून तो बांधावर यायचा. "आलं का नागपूरचं?" पोस्टमन बिचारा मान हलवायचा. एक महिना, दोन महिने, उन्हाळा. सुवर्णा स्वयंपाकघरातून ऐकायची आणि चुलीपुढं बसून राहायची. प्रतिभाताई एकदा म्हणाल्या, "दुकानात मिळतं गं तसलं पदक. घेऊन टाक." तिला ते करवेना. एक खोटं तिच्या तोंडून निघून गेलं होतं. दुसरं हातानं करायचं तिच्यानं झालं नाही.

ती पुन्हा पाण्यात उतरली ती वर्षभरानं. झुंबरनंच बळजबरी केली. पहाटेची पाटी आता ती स्वतः न्यायची आणि मग तलावावर जायची. खांदा दुखायचा, दुखू दे म्हणायची. ताईंनी विचारलं, "एवढा जीव काढून कशासाठी करतेस?" ती म्हणाली, "मला खरोखर तिसरं यायचंय." तेवढं एक केलं की घरी जाऊन सगळं सांगून टाकायचं, असं तिनं ठरवलं होतं. खोट्याच्या बदल्यात खरं हातात असलं की सांगायला धीर येईल, असं तिला वाटायचं.

त्याला आणखी दोन वर्षं लागली. दोन हजार सहा साली, पुण्याला, पंचेचाळिशीच्या गटात सहा जणी होत्या. फुलपाखरू, उताणी, बेडूक, सुटी. प्रत्येक भिंतीला तिनं जेवढे हात लावायचे तेवढे लावले. बाद म्हणायला पंचांचा हात वर झाला नाही. ती तिसरी आली. गळ्यात पदक पडलं तेव्हा ती हसलीही नाही, रडलीही नाही. घरी जाऊन काय बोलायचं, ती वाक्यं मनात म्हणत होती.

घरी पोचली तेव्हा झुंबर नुकताच मळ्यातून आला होता. त्यानं हातपाय धुतले, धोतराला हात कोरडे केले आणि पदक घेतलं. उलटसुलट करून पाहिलं, फोटोच्या खिळ्याला अडकवलं आणि दोन पावलं मागं सरून उभा राहिला.

"अहो," सुवर्णा म्हणाली, "मला एक सांगायचंय."

"सांग की." पण तो फोटोकडेच बघत होता, आणि त्याचे डोळे भरून आले होते. "हे दुसरं आलं बघ. छान हाय. पण त्या पहिल्याची सर नाय याला. ते मेल्यांनी पोस्टात हरवलं, हरवू दे. ते आई घेऊन गेली." मग तो वळला. "काय सांगत हुतीस?"

सुवर्णानं त्याच्याकडे पाहिलं. तीन वर्षांत तो पुरता म्हातारा झाला होता, पण रात्री शांत झोपायचा.

"काही नाही," ती म्हणाली. "चहा टाकू का, विचारत होते."